पाहुण्यांची जबाबदारी माझ्याकडे

११ मार्च

हरलो. कॉलेजांच्या बास्केटबॉल लीगच्या स्पर्धेत, पहिल्याच सामन्यात. परत यायला बसला पूर्ण दिवस लागला. वाटेत कुणी गाणी लावली नाहीत. डेल्फीन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, किंवा तिने झोपेचं सोंग घेतलं. ती आमची सगळ्यात उंच मुलगी आणि माझी रूममेट. तिचं डोकं घसरू नये म्हणून मला ताठ बसावं लागलं.

शेवटच्या दहा मिनिटांत मी बाहेर होते. कोच ब्रँडवोल्ड म्हणाल्या, उंची हवी होती. खरंच हवी होती. समोरची गार्ड माझ्यापेक्षा हातभर उंच होती.

पुढचं वर्ष माझं शेवटचं. ते चांगलं जायला हवं. एवढं एकच मागणं आहे.

१६ मार्च

मोसम संपला की प्रत्येकीची कोचशी बैठक होते. दार बंद, दोन खुर्च्या. तुझं काय चुकलं, काय बरं झालं, पुढच्या वर्षी तुझी जागा कुठे. कुणी हसत बाहेर येते, कुणी तोंड धुवायला जाते.

आज माझी होती. मी दारात उभी राहिले तर कोचनी मान वर केली आणि हसल्या.

“तुझं काय बोलायचं, सिग? तू तर घरचीच. आज मला बाहेरच्यांचं निस्तरू दे.”

बरं वाटलं. बाकीच्या रांगेत होत्या आणि मी रांगेतून मोकळी झाले.

१९ मार्च

डेल्फीनने पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जाऊ पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव टाकलं. मला दुसऱ्या मुलीकडून कळलं. ती कपड्यांची घडी करत होती. तिच्या घड्या नेहमी वाकड्या असतात.

“नाव टाकलंस?”

“टाकलं.”

“मला न सांगता?”

“तुला सांगितलं असतं तर तू मला इथेच राहायला लावलं असतंस. तुझं तोंड असं होतं ना, बर्फात राहिलेल्या वासरासारखं.”

“डेल, गंमत नको.”

“गंमत नाही. तूही टाक. आजच टाक, येडे. तू पॉइंट गार्ड आहेस, चेंडू पुढे आणणारी. तू बाहेर दिसलीस की कुणीतरी फोन करेलच.”

“आणि कोचना काय सांगू?”

“कोचना काय सांगायचंय? त्या तुला काय सांगतायत?”

मी म्हटलं, त्यांनी मला घरची म्हटलंय. डेल्फीनने माझाच एक टी-शर्ट स्वतःच्या बॅगेत घातला. मी तो बाहेर काढला नाही.

२४ मार्च

चार जणी गेल्या. आमच्यासारख्या लीगमध्ये हे दर वसंतात होतं. मुलगी चांगली झाली की मोठं कॉलेज उचलतं, नाही झाली की तीच खाली सरकते. मधे आम्ही राहतो. पूर्वी बदली घेतली की एक वर्ष बसावं लागायचं. आता बसावं लागत नाही, म्हणून कुणी बसत नाही.

सरावाच्या हॉलमध्ये सात जणी उरल्यात. पाचविरुद्ध पाच होत नाही. तीनविरुद्ध तीन खेळलो आणि एक पाणी द्यायला उभी राहिली. पाळी पाळीने.

कोचनी मला नंतर थांबवून घेतलं.

“पाहुण्या येणार आहेत. पोर्टलमधल्या मुली, दोन दोन दिवसांसाठी. कुणीतरी त्यांना सांभाळायला हवं. जेवायला नेणं, गाव दाखवणं, मुलींशी गाठ घालून देणं. तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही.”

“माझी बैठक?”

“घेऊ की. पळून थोडीच जातेय मी?”

सगळ्या जात असताना कोचनी मला मागितलं. मी हो म्हटलं.

२९ मार्च

पहिली पाहुणी कॅन्झसच्या दोन वर्षांच्या कॉलेजातून आली. गार्ड. तिला वारा आवडला नाही. इथे वारा कुणाला आवडत नाही, पण आम्ही त्याबद्दल बोलत नाही. तिला चौकातल्या हॉटेलात हकलबेरी पाय, म्हणजे रानबेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, खाऊ घातला. ती म्हणाली, पाय छान आहे. बाकी कशाला छान म्हणाली नाही.

४ एप्रिल

दुसरी पाहुणी. हीपण गार्ड. डेल्फीन गेल्यावर आम्हाला उंच मुलगी हवी, हे कुणीही सांगेल. कोचना विचारलं. म्हणाल्या, येईल, उंच मुली उशिरा ठरवतात. गार्ड जास्त ठेवाव्या लागतात, गुडघे जातात.

बरोबर आहे. मागच्या वर्षी दोघींचे गेले.

पाहुणीला संघाची जर्सी घालून फोटो काढतात, तो कार्यक्रम आज होता. मोठा दिवा, मागे काळा पडदा, हातात चेंडू. तो फोटो मुली घरी दाखवतात. तिने चार नंबर मागितला. तो माझा. कोचनी माझ्याकडे पाहिलं.

“चालेल ना, सिग?”

“चालेल.”

मी कपाटातून आणून दिला. तिला खांद्यात सैल झाला तर मी मागून पिना लावल्या. फोटोत त्या दिसणार नाहीत.

७ एप्रिल

बाबांचा फोन. ते टॅनर गावात धान्याच्या कोठारावर ट्रकचं वजन करतात. फोनवर मागे सतत एखादा ट्रक सुरू असतो.

“कोचशी बोलणं झालं?”

“अजून नाही. त्या गडबडीत आहेत.”

“मग दारात जाऊन बस.”

“असं कुणी करतं का, बाबा?”

“मी करतो. ज्याने कागद दिले नाहीत त्याच्या ट्रकच्या पायरीवर बसतो. कॉफीपण त्याचीच पितो.”

“तुम्ही ट्रकवाल्यांशी बोलता. मी कोचशी बोलतेय.”

“बरं,” ते म्हणाले. मग हवेबद्दल बोललो. गव्हाला पाऊस हवा आहे.

११ एप्रिल

डेल्फीनला ओरेगॉनमध्ये जागा मिळाली. तिथून फोन आला. आवाजावरून ती उड्या मारत होती आणि तिच्या उड्यांनी तिथलं काहीतरी खळखळत होतं.

“ऐक. इथल्या कोचला गार्ड हवीय. तुझ्यासारखीच हवीय. चेंडू न हरवणारी, तोंड न चालवणारी. मी तुझं नाव सांगितलं.”

“डेल.”

“पण तुझं नाव पोर्टलमध्ये नसेल तर ती तुला साधं हॅलो म्हणू शकत नाही. नियम आहे. आणि पोर्टल या आठवड्यात बंद होतंय. बाई, तू नुसतं बटण दाब. नंतर नको वाटलं तर नको.”

“नाव टाकलं की कोच माझी शिष्यवृत्ती काढू शकतात.”

“न टाकताही काढू शकतात.”

“माझी नाही काढणार.”

“कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, या घराला कुणीतरी लागतं ना. सगळ्याच गेल्या तर. ती म्हणाली, ते घर नाही, सिग, ते व्यायामशाळेचं पोट आहे, गिळतं आणि टाकतं. मग म्हणाली, चिडू नकोस. मी चिडले नव्हते. पण मी फोन लवकर ठेवला.

नंतर कोचच्या ऑफिसवरून गेले. दार उघडं होतं. विचारावंसं वाटलं. त्या फोनवर होत्या आणि त्यांनी मला पाहून अंगठा वर केला. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला कुणी असा अंगठा दाखवत नाही.

१५ एप्रिल

पोर्टल बंद झालं. आता कुणाला नवीन नाव टाकता येणार नाही. ज्यांनी आधी टाकलंय त्यांनाच बोलावता येईल.

हलकं वाटतंय. ठरवायचं काही उरलं नाही.

१९ एप्रिल

मरिसेला ओहेदा आली. अ‍ॅरिझोनातल्या यूमाची, तिथल्याच दोन वर्षांच्या कॉलेजात खेळते. डावखुरी गार्ड. आई बरोबर आली आहे. आई हिवाळ्यात शेतावर लेट्यूस बांधते. तिला इंग्रजी थोडंच येतं. मुलगी मधे भाषांतर करते, आणि अधूनमधून करत नाही.

विमानतळावरून येताना आईने मागच्या सीटवरून एक डबा पुढे केला. गव्हाच्या पातळ पोळीत सुक्या मांसाचं सारण.

“माचाका. खा म्हणतेय,” मरिसेला म्हणाली.

“मी गाडी चालवतेय.”

आईने काहीतरी सांगितलं. मरिसेला हसली. “म्हणते, एका हाताने खा. तोंडाने थोडीच चालवतेस?”

मी एका हाताने खाल्लं. नियमाप्रमाणे पाहुण्यांना आम्ही खाऊ घालायचं असतं. उलटं झालं. त्याबद्दल नियमात काही नाही.

दुपारी हॉलमध्ये खेळलो. मरिसेला चेंडूकडे बघत नाही. ती तुमच्या कमरेकडे बघते, आणि तुमचं वजन ज्या पायावर असेल त्याच्या पलीकडून जाते. तिने मला दोनदा तसं मागे टाकलं. तिसऱ्यांदा मी पाय बदललाच नाही आणि चेंडू काढून घेतला. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं.

“हे तू मुद्दाम केलंस.”

“हो.”

“परत कर.”

परत जमलं नाही. पण तेवढा वेळ मला दुसरं काही आठवत नव्हतं. बाकीच्या मुली काठावर बसून बघत होत्या. कोच वर गॅलरीत उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही.

२० एप्रिल

सकाळी फोटो. मरिसेलाने चार नंबर मागितला. तिचा जुना नंबर तोच. मी विचारण्याआधीच कोचनी कपाट उघडलं. तिला जर्सी बरोबर बसली. पिना लागल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मरिसेला डॉक्टरांना गुडघा दाखवायला गेली. आई आणि मी हॉलच्या पायऱ्यांवर बसलो. वारा होता. तिने माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, जसं आपल्याच मुलीचं करावं. मग फोनवर काहीतरी लिहिलं, फोनने ते इंग्रजीत करून दाखवलं.

माझ्या मुलीने इथे यावं का?

मी तिला सगळं सांगितलं. फोनमध्ये बोलून, सावकाश. कोच शिस्तीच्या आहेत. खोटं खेळलेलं चालत नाही. मुली चांगल्या आहेत. आजारी पडलं तर रात्रभर कुणीतरी बसतं. थंडी वाईट आहे, पण माणसं दार उघडतात. चर्च आहे, तिथे स्पॅनिशमध्ये प्रार्थना होते. वर्गात मागे पडली तर मी शिकवेन.

हे सगळं खरं आहे.

तिने मान हलवली. मग परत लिहिलं.

तू कुठे खेळतेस?

मी म्हटलं, गार्ड.

तिने फोन खाली ठेवला. पुढच्या प्रश्नाला तिने फोन घेतला नाही. मोडक्या इंग्रजीत स्वतःच बोलली.

“ती गार्ड. तू गार्ड. मग तू, मिहा?”

मिहा म्हणजे पोरी. दोन दिवस मुलीला हाक मारताना ऐकतेय.

मी हसले. म्हटलं, मी आहेच ना.

तिने माझा हात धरला. मला वाटलं तिला थंडी वाजतेय. मी माझे हातमोजे काढून दिले. तिने घेतले नाहीत.

२१ एप्रिल

त्यांना विमानतळावर सोडून आले. येताना गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली. का ते कळेपर्यंत बराच वेळ गेला.

तीन पाहुण्या. तिन्ही गार्ड. उंच एकही नाही.

मी दर वेळी खोली आवरली. पिना लावल्या.

२२ एप्रिल

कोचच्या दारात जाऊन बसले. जमिनीवर. त्या आल्या, किल्ली हातात होती, मला पाहिलं आणि किल्ली लावायला वेळ लावला.

“माझी बैठक आज घ्या.”

“आत ये.”

दार बंद, दोन खुर्च्या.

“मरिसेलाचा होकार आला की तुला बोलावणारच होते,” त्या म्हणाल्या.

“तिला माझी शिष्यवृत्ती दिलीत?”

“देऊ केलीय. अजून तिने घेतलेली नाही.”

“मला आधी का नाही सांगितलं? पोर्टल उघडं होतं तेव्हा?”

त्या खिडकीकडे बघत होत्या. मग बघायच्या थांबल्या.

“कारण तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस. आणि तू त्यांना हे ठिकाण दाखवतेस तसं मला दाखवता येत नाही. मी दाखवलं की विकायला बसल्यासारखं दिसतं.”

“मी खोटं काही बोलले नाही.”

“म्हणून तर.”

बाहेर कुणीतरी चेंडू आपटत होतं.

“येत्या मोसमातही असंच झालं,” कोच म्हणाल्या, “तर या खुर्चीत दुसरी कुणी असेल. हे सांगून मी तुझी दया मागत नाहीये. तू विचारलंस म्हणून सांगतेय.”

“मी विचारलं नव्हतं.”

“बरं. मग ऐक. विद्यार्थी सहायक हो. फी विभाग भरेल. प्रवासाला येशील, माझ्या शेजारी बसशील. तुझ्यात कोच आहे, सिग. मी उगाच म्हणत नाही.”

“आणि खेळायचं?”

“ऑक्टोबरात खुली चाचणी असते. कॉलेजातली कुणीही येऊ शकते. शिष्यवृत्ती नाही, हमी नाही. सहायक झालीस तर चाचणी देता येणार नाही. खोटी आशा मी तुला देणार नाही.”

मार्चमध्ये द्यायला नको होती, असं म्हणायचं होतं. म्हणाले, विचार करते. वर थँक यू म्हणाले. थँक यू का म्हणाले?

२३ एप्रिल

राग यायला हवा. येतो आणि कुठे बसत नाही. त्या वाईट नाहीत. मी आजारी होते तेव्हा त्यांनी स्वतः सूप आणलं होतं. ते सूपही खरं होतं. मला हेच जड जातंय.

डेल्फीनला सांगितलं. ती बराच वेळ शिव्या देत राहिली, तिच्या आजीच्या फ्रेंचमध्ये, मला कळत नाही अशा. मग म्हणाली, तिच्या कोचना गार्ड मिळाली. गेल्या शुक्रवारी.

२४ एप्रिल

बाबांना सांगितलं. ट्रकचा आवाज बंद झाला. त्यांनी कुणाला तरी हात करून थांबवलं असावं.

“तुला काय हवंय?”

“खेळायचंय.”

“मग खेळ.”

“फी?”

“कर्ज काढू. तू अर्धं फेड, मी अर्धं फेडतो. आणि चाचणीत नाही घेतलं तर?”

“तर नाही घेतलं.”

“बरं,” ते म्हणाले. “तुझ्या आईसारखी बोललीस.” आई गेल्यापासून ते तिचं नाव असं मधेच काढतात आणि लगेच दुसरं बोलतात. आज बोलले नाहीत.

मी चांगली खेळते की फक्त हट्टी आहे, हे मला माहीत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत मी बाहेर होते. ते कुणी माझ्यावर ढकललं नव्हतं. समोरची उंच होती, आणि मी तिला थांबवू शकत नव्हते. मरिसेलाने कदाचित थांबवलं असतं.

हे लिहायला नको होतं. लिहिलं.

२५ एप्रिल

कोचना सांगितलं, सहायक नको. त्यांनी मान हलवली. “पाहुण्यांचं कोण बघेल?” म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

२६ एप्रिल

मरिसेलाचा फोन.

“आई विचारतेय, तुला त्यांनी सांगितलं का?”

“आता सांगितलं.”

“आता? म्हणजे आम्ही आलो तेव्हा तुला...”

“नाही.”

ती स्पॅनिशमध्ये आईशी बोलली. आई काहीतरी लांब म्हणाली. मरिसेलाने त्याचं भाषांतर केलं नाही.

“माझ्याकडे आयडाहोतूनही बोलावणं आहे,” ती म्हणाली. “उद्या उत्तर द्यायचंय. सिग, तू नको म्हणालीस तर मी येत नाही. खरंच. एक शब्द सांग.”

मी खिडकीपाशी उभी होते. समोरच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीवरची धूळ झाडत होतं आणि वारा ती परत आणून टाकत होता.

एकच शब्द होता. तो म्हटला असता तर शिष्यवृत्ती कदाचित परत माझ्याकडे आली असती. किंवा चौथी पाहुणी आली असती.

“तिथे शिष्यवृत्ती पूर्ण आहे?” मी विचारलं.

“अर्धी.”

“आणि तिथली गार्ड?”

“दोघी आहेत. दोघी चांगल्या.”

“मग इथे ये.”

“आणि तू?”

“मी ऑक्टोबरात चाचणीला येणार आहे. तुझ्या जागेसाठी.”

मला वाटलं फोन कापला.

“माझ्या जागेसाठी,” ती म्हणाली.

“हो.”

“तू मला हे आधी सांगतेस? वेडी आहेस का?”

“आधी न सांगितलेलं किती वाईट असतं ते मला माहीत आहे.”

ती हसली. हॉलमध्ये मी चेंडू काढून घेतला होता तेव्हा तिने पाहिलं होतं, तसं पाहत असावी.

“मी तुला सोडणार नाही,” ती म्हणाली. “दया वगैरे काही नाही. आई रडली तरी.”

“नको सोडूस.”

२७ एप्रिल

तिने होकार दिला. कोचनी सगळ्या मुलींना कळवलं, मलाही. मी हॉलमध्ये गेले. कुणी नव्हतं. भिंतीसमोर डाव्या हाताने चेंडू मारत राहिले. माझा डावा हात वाईट आहे. आजही वाईटच होता.

संध्याकाळी मरिसेलाचा निरोप: तुमच्याकडे थंडीचे बूट चांगले कुठे मिळतात? यूमात मिळत नाहीत.

मला ठाऊक आहे. चौकापलीकडे दोन दुकानं आहेत, एक चांगलं, एक फसवं. पहिल्या बर्फाच्या आधीच जावं लागतं, नंतर माप मिळत नाही. मी उत्तर लिहिलं, पूर्ण लिहिलं, आणि पुसलं.

तिचं ती बघेल. मला पळायला जायचं होतं.